गावच्या भंडाऱ्याचं रजिस्ट्रेशन अन् सयपाकवाल्यांची ट्रेनिंग: रीतसर कसं करायचं

आपल्याकडं भंडारा, काला, सप्त्याची पंगत, गणपतीचा महाप्रसाद म्हटलं की सगळे धरून चालतात की हे देवाचं काम आहे, याले कुठलं लायसन्स लागते. तर रजिस्ट्रेशन लागते भाऊ. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात फूड बिझनेसच्या व्याख्येतच लिहून ठेवलं आहे की धंदा नफ्यासाठी असो की नसो, तो त्यात येते, अन् २०११ च्या लायसन्सच्या नियमात तर धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणारे लोक छोट्या व्यावसायिकांच्या यादीत चक्क नाव घेऊन टाकले आहेत. त्यांच्यासाठी लायसन्स नाही, साधं रजिस्ट्रेशन. फक्त केटरर त्यातून बाहेर ठेवला आहे, त्याचं त्यानं वेगळं काढायचं असते, म्हणून तुम्ही सयपाकाचा ठेका बाहेरच्या केटररला देत असाल तर बयाना देण्याआधी त्याच्या लायसन्सचा किंवा रजिस्ट्रेशनचा १४ अंकी नंबर मागा, नसेल तर दुसरा पहा.

कोणी म्हणेल इतकी वर्षं काही झालं नाही ना. फेब्रुवारी २०२४ मध्ये लोणार तालुक्यात सोमठाण्याले सप्ता होता, एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद होता, अन् त्यानंतर शेकडो लोक उलट्या-जुलाबांनी एकदम आजारी पडले, दवाखान्यात जागा पुरेना म्हणून बाहेर दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या टांगल्या होत्या, ते फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर आले होते. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातली गोष्ट आहे ही.

आता कामाचं. सगळ्यात आधी कमिटीनं एक माणूस ठरवायचा जो अन्नाचा जबाबदार राहील. अध्यक्ष नको, त्याले पाहुणे सांभाळायचे असतात. जो सकाळपासून चुलीपाशी उभा राहतो, ज्याचं आचारी ऐकते, असा माणूस किंवा बाई पाहिजे. बहुतेक गावात अशी एखादी ताई असतेच, शाळेत पोषण आहार शिजवणारी किंवा बचत गटातली, तिलेच करा.

रजिस्ट्रेशन फॉसकॉस नावाच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होते. फोटो, ओळखपत्र अन् पत्ता एवढंच मुख्य लागते, फॉर्म ए भरायचा असतो, अन् अर्ज जाते आपल्या जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात. २०११ च्या नियमात याची फी वर्षाले १०० रुपये ठेवली होती, भरताना पोर्टलवर आज काय दाखवते ते पहा अन् तेवढीच द्या, कोणी एजंट हजार-दीड हजार सांगत असेल तर ती त्याची मजुरी आहे, सरकारची फी नाही. नाव टाकताना मंडळाचं किंवा ट्रस्टचं टाका, एकट्या माणसाचं नको. पत्ता जिथं सयपाक होते तिथला द्या. रोजचं अन्नछत्र असेल, कारभार मोठा असेल तर रजिस्ट्रेशनवर भागत नाही, लायसन्स लागू शकते, त्याची मर्यादा पोर्टलवरच दिसते.

अर्ज गेल्यावर ७ दिवसांत त्यांनी मंजूर करायचा, नाकारायचा किंवा तपासणीची नोटीस द्यायची असा नियम आहे, अन् तपासणी निघाली की ३० दिवस. म्हणजे कार्यक्रमाच्या दीड-दोन महिने आधी टाका. हनुमान जयंतीच्या आदल्या आठवड्यात पोट्टे नेट कॅफेवर पाठवून काही होत नाही.

ट्रेनिंगचं नाव फॉस्टॅक. एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, २०१७ पासून सुरू केलेला कार्यक्रम आहे, त्यांनी नेमलेल्या संस्था घेतात, ऑनलाइन पण होते अन् समोरासमोर पण, बेसिक कोर्स एका दिवसात आटपते. शेवटी छोटी परीक्षा, मंग सर्टिफिकेट, ते २ वर्षं चालते. दर २५ काम करणाऱ्यांमागं एक ट्रेनिंग झालेला सुपरवायझर असावा हे त्यांचं माप आहे. आपल्या भंडाऱ्यात भाजी चिरणाऱ्या बायांपासून वाढप्यांपर्यंत मोजलं तर ६०-७० लोक सहज भरतात, म्हणजे तीन जण तरी पाहिजेत.

माझा आग्रह आहे की बॅच समोरासमोर घ्या अन् एका गावासाठी नको, आजूबाजूची चार-पाच गावं मिळून घ्या. संस्थेशी बोलताना आधीच विचारा की शिकवणार मराठीत का, अन् सर्टिफिकेटवर नाव आधारप्रमाणं येईल का. तारीख सोयाबीनच्या सोंगणीत किंवा कापूस वेचणीत ठेवली तर एक बाई येणार नाही, रोजी बुडवून कोण बसते. एप्रिल-मेच्या सकाळी घ्या, पेरणीच्या आधी, तेव्हा लोक मोकळे असतात. अन् सचिव, खजिनदार, सरपंचाचा भाचा यांना पाठवून फोटो काढून आणू नका हो, ते गंजाजवळ, म्हणजे सयपाकाच्या मोठ्या पातेल्याजवळ, फिरकत पण नाहीत. आचारी गेला पाहिजे. वाढपी पोट्ट्यांपैकी दोघं गेले पाहिजेत.

ट्रेनिंगमध्ये सगळं सांगतात, हात धुणं, टोपी, ॲप्रन वगैरे, ते ठीक आहे. पण आपल्या पद्धतीच्या सयपाकात गडबड नेमकी कुठं होते ते सांगतो, कारण तिथं जास्त घोटून घ्यावं लागते. पहिलं म्हणजे भात. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते उकळून मरत नाहीत, भात कोमट झाला की उगवतात अन् विष सोडतात, मंग तो भात परत कितीही गरम करा ते विष जात नाही. आपण काय करतो, पहाटे चारले भाताचा पहिला गंज उतरवतो, त्यावर ओलं फडकं टाकतो अन् दुपारी एकच्या पंगतीले तोच काढतो. नियम सोपा आहे, गरम वाढायचं ते ६० डिग्रीच्या वर राहिलं पाहिजे अन् थंड ठेवायचं ते ५ च्या खाली, मधल्या पट्ट्यात जंतू वाढतात. आता ५ डिग्री गावात कुठून आणणार, म्हणून सरळ एवढंच ठरवा की भात टप्प्याटप्प्यानं शिजवायचा, एक पंगत बसली की पुढचा गंज चढवायचा. आचारी कुरकुर करेल, लाकूड जास्त लागते म्हणेल, ऐकू नका. सळईचा थर्मामीटर ऑनलाइन स्वस्तात भेटते, एक घ्या, गंजाच्या मधोमध खुपसून पहा, वरून वाफ दिसते म्हणून आत गरम असेल असं नाही.

तसंच वांग्याच्या भाजीचं अन् वरणाचं. मोठ्या गंजात रात्री करून ठेवलेली भाजी मधून सकाळपर्यंत कोमट राहते, अन् घट्ट, हवा न लागणाऱ्या अशा पदार्थात वेगळा जंतू वाढते. रात्री चिरून ठेवा, मसाला वाटून ठेवा, पण फोडणी पहाटेच.

बुंदीचे लाडू वळणाऱ्यांची बोटं पहा. कापलेलं, पिकलेलं बोट असेल त्याले त्या दिवशी वाढायले पण लावू नका, लाकडं आणायले पाठवा. जखमेतल्या स्टॅफच्या जंतूचं विष पण गरम केल्यानं जात नाही. त्यासाठीच सयपाकवाल्यांची वर्षातून एकदा डॉक्टरकडून तपासणी अन् टायफॉइडची लस सांगितली आहे, आरोग्य केंद्रात डॉक्टरांना भेटून सगळ्यांचं एका दिवशी उरकून घ्या.

कढी, ताक, चिंचेचं काही पितळेच्या गंजात करणार असाल तर कल्हई पाहून घ्या, उडाली असेल तर स्टीलचं वापरा. भगर सुटी घेऊ नका, पाकीटबंद, तारीख पाहून घ्या, भगरीचं पीठ पण दुकानातलं सुटं नको. जिलेबीले भडक रंग नको. हॉटेलवाल्याचं काळं पडलेलं तेल कोणी दान म्हणून देत असेल तर हात जोडून परत करा.

पाण्याचं काम गावातच होते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक असते, त्याच्याकडं टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग) पावडर अन् क्लोरीन तपासायची ओटी टेस्टची बाटली असते, आदल्या दिवशी टाकीत पावडर टाकून सकाळी टेस्ट करून घ्या, पिवळसर रंग आला म्हणजे क्लोरीन आहे. टँकर किंवा इहिरीचं पाणी असेल तर हे सोडूच नका. अन् ड्रमात गिलास बुडवून पाणी घेणं बंद, नळ लावा नाहीतर लांब दांड्याचं वगराळं ठेवा.

एक वही ठेवा. कोणत्या दुकानातून काय आणलं, कोणता गंज कितीले उतरला, पहिली पंगत कितीले बसली, सयपाकाले कोण कोण होतं. शाळेत खिचडी वाटण्याआधी चव घेऊन रजिस्टरमध्ये सही करतात तसं इथं पण करा, अन् प्रत्येक पदार्थाची एक वाटी झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत फ्रीजमध्ये ठेवा. कोणाले त्रास झालाच तर १०८ ले फोन करा, आरोग्य केंद्राले कळवा, अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ वर सांगा अन् उरलेलं अन्न घाईघाईनं नाल्यात फेकू नका, तपासायले तेच लागते. बदनामी होईल म्हणून दाबून ठेवणारे असतात कमिटीत, त्यांना त्या दिवशी बोलू देऊ नका.

उरलेल्या अन्नाबद्दल थोडं कडक बोलतो. संध्याकाळी उरलं की ट्रॅक्टरवर टाकून वीटभट्टीवर नाहीतर बेघरांना वाटायचं, फोटो टाकायचे, हे पुण्याचं काम वाटते, पण दुपारी बाराचं अन्न रात्री आठले गरिबाच्या लेकराले देणं म्हणजे आपण जे खाणार नाही ते त्याच्या ताटात टाकणं आहे. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ चे वेगळे नियम आहेत, त्यात अन्न कोणी दिलं, काय होतं, कधीचं होतं याची नोंद ठेवायची, डब्यावर माहिती लिहायची असं सगळं आहे. आपल्यापुरतं असं करा की दुपारी दोनलेच अंदाज घ्यायचा, गंजातलं गरम, पंगतीत न फिरलेलं अन्न तेव्हाच पाठवायचं, बादलीतलं वाढून उरलेलं ढोरांना.

मंदिरात रोज किंवा दर आठवड्याले प्रसाद शिजत असेल तर पुढची पायरी भोग सर्टिफिकेटची, म्हणजे इथला प्रसाद स्वच्छ अन् सुरक्षित बनते असं एफएसएसएआयचं सर्टिफिकेट, आता त्याले ईट राइट प्लेस ऑफ वर्शिप म्हणतात. आधी बाहेरची एजन्सी येऊन ऑडिट करते, कमी काय ते लिहून देते, तुम्ही ते सुधारायचं, लोकांची ट्रेनिंग करायची, मंग परत ऑडिट. हे पण २ वर्षांचं. वर्षातून एकदा भंडारा करणाऱ्या मंडळानं याच्या मागं लागू नये, त्यापेक्षा तो पैसा ओट्यावर, जाळीवर अन् हात धुवायच्या नळांवर लावा. ज्यांना घ्यायचं आहे त्यांनी आधी एखाद्या गुरुवारच्या आरतीले शंभर-दीडशे लोकांची पंगत याच पद्धतीनं करून पहा, वही सकट.

अन् हो, पोर्टलचा ओटीपी ज्या मोबाईलवर येते तो नंबर पुण्याले कामाले गेलेल्या पोट्ट्याचा देऊ नका. मंडळाचा एक वेगळा नंबर अन् मेल ठेवा, पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहा, सर्टिफिकेटच्या तारखा पण तिथंच, अन् ती वही मंदिराच्या कपाटात राहू द्या.