पीएचडीनंतर कंपनीत अर्ज करताय? रेझ्युमेतल्या या चुका टाळा

आमच्या सोलापुरातल्या एका मुलीने मागच्या महिन्यात मला तिचा रेझ्युमे दाखवला. नऊ पानं होती. पहिल्या पानावर वडिलांचं नाव, जन्मतारीख, दहावी-बारावीचे टक्के आणि प्रबंधाचं चार ओळींचं शीर्षक. टॉवेल-चादरींच्या रंगाईतून निघणाऱ्या सांडपाण्यातला रिॲक्टिव्ह रंग कसा काढायचा, यावर तिने पाच वर्षं काम केलंय. रंगाई करणाऱ्या प्रत्येक कारखान्याला पडलेला हा प्रश्न, आणि त्यावरचं काम सातव्या पानावर! चाळीस ठिकाणी अर्ज करून एकही फोन नाही. ती स्वतःच्या हुशारीवरच शंका घ्यायला लागली होती. चांगलं काम केलेली मुलं कागदापायी अशी मागे पडतात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हे लिहितोय.

एकही फोन येत नसेल तर

प्राध्यापकीसाठीचा सीव्ही लांब असतो आणि तो तसाच असावा, कारण तिथे पेपर, परिषदा सगळं मोजलं जातं. कंपनीला तोच सीव्ही पाठवणं ही सगळ्यात मोठी चूक. दोन पानं पुरेत. घरची माहिती, लग्न झालंय की नाही, शेवटचं 'वरील माहिती खरी आहे' आणि सही, हे सगळं काढा. सतरा पेपरांच्या यादीऐवजी त्या नोकरीशी जुळणारे तीन आणि पुढे एकूण आकडा. पेटंट असेल तर मात्र वर घ्या.

दुसरी चूक सहसा कुणी सांगत नाही. जेआरएफ-एसआरएफची (ज्युनिअर आणि सीनिअर रिसर्च फेलोशिपची) वर्षं फक्त 'शिक्षण' या मथळ्याखाली लिहिली, तर वाचणाऱ्याला तुम्ही तिशीतले फ्रेशर दिसता. तीच वर्षं 'अनुभव' या मथळ्याखाली, रिसर्च फेलो या खऱ्या पदनामासह, महिना-वर्ष घालून लिहा. पद फुगवू नका.

मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअरमधून जातो. दोन रकान्यांचे, चौकटी आणि फोटो असलेले रंगीत टेम्प्लेट त्याला कधीकधी नीट वाचता येत नाहीत. साधी मांडणी ठेवा. जाहिरातीत ज्या तंत्राचं नाव आहे, ते तुम्हाला येत असेल तर त्याच शब्दांत लिहा. एचपीएलसीसारखं (हाय परफॉर्मन्स लिक्विड क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याचं तंत्र) लघुरूप एकदा पूर्ण नावासह येऊ द्या.

फोन येतो, पण टेक्निकल राउंडला अडतं

इथे बहुतेक वेळा यंत्रांची यादी नडते. एनएमआर, एक्सआरडी, एसईएम, टीईएम (पदार्थाची रचना तपासणारी मोठी यंत्रं) असं सगळं 'हाताळलं' म्हणून लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात सॅम्पल मुंबईच्या आयआयटीतल्या सैफला (बाहेरची सॅम्पलं तपासून देणारं यंत्रकेंद्र) किंवा पुण्याला गेलेलं असतं आणि हातात आलेला असतो डेटा. मुलाखत घेणारा दुसऱ्याच प्रश्नात हे ओळखतो आणि मग तुमच्या खऱ्या कामावरही त्याचा विश्वास बसत नाही. तीन गट करा: स्वतः चालवलेली यंत्रं, ज्यांचा फक्त डेटा वाचता येतो ती, आणि ज्यांची मेथड तुम्ही स्वतः बसवली ती. तिसऱ्या गटात एकच नाव असलं तरी पहिल्या दोन्हींपेक्षा ते वजनदार. एचपीएलसीची मेथड बसवून तिची लिनिअॅरिटी, प्रिसिजन, एलओडी-एलओक्यू (किती कमी प्रमाण ओळखता आणि मोजता येतं त्या मर्यादा) काढलं असेल, तर औषध कंपनीचा क्यूसीवाला, म्हणजे गुणवत्ता तपासणारा, तिथे थांबतोच. औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या आयसीएचच्या क्यू२ मार्गदर्शिकेत हेच निकष आहेत.

'अभ्यास केला' हे क्रियापद

माझ्या मते खरी गोम इथे आहे. प्रबंधात आपण म्हणतो, 'अमुक घटकाच्या परिणामाचा अभ्यास केला.' कारखान्यात पुढचा प्रश्न येतो: मग जमलं काय? त्या मुलीची मूळ ओळ होती, 'कार्बनवर रंगाच्या अधिशोषणाचा अभ्यास', म्हणजे कार्बनच्या पृष्ठभागावर रंग कसा चिकटतो ते. आम्ही दोघांनी बसून तिच्या वह्या उघडल्या. कार्बन किती वेळा पुन्हा वापरता आला, बीकरमधल्या कृत्रिम द्रावणावर काम झालं की कारखान्यातून आणलेल्या खऱ्या सांडपाण्यावर, एका वेळी किती लिटर, सीओडी (पाण्यातल्या प्रदूषणाचं एक माप) किती उतरला, खर्च कशाने कमी झाला. उत्तरं सगळी वहीत होती, रेझ्युमेत एकही नव्हतं. आता त्या कामाच्या तीन ओळी आहेत आणि प्रत्येकीत काय केलं, कशावर, किती, हे आहे. आकडे वहीतलेच. जो आकडा वहीत सापडला नाही, तो लिहिला नाही.

डाळिंबावरच्या तेल्या रोगावर काम केलेल्यांनाही हेच लागू. जिवाणूचं लांबलचक शास्त्रीय नाव एकदा पुरे. त्यापुढे किती वाण तपासले, चाचणी प्रयोगशाळेत झाली की बागेत, हे कृषी कंपनीला हवं असतं. फेल गेलेली बॅच का फेल गेली हे शोधलं असेल, तर तेही लिहा. प्लांटमध्ये रोज तेच करावं लागतं.

कंपनीने पैसे दिलेल्या प्रोजेक्टचा तपशील मात्र गाईडला विचारल्याशिवाय टाकू नका.

पत्ता लपवू नका

पुण्याच्या नोकरीसाठी मित्राच्या खोलीचा पत्ता टाकणारे मी पाहिलेत. गरज नाही. 'सोलापूर; पुणे, मुंबई, हैदराबाद येथे राहायला येण्याची तयारी' एवढी ओळ नावाखाली पुरते. पुण्यातल्या मुलाखतीला सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस आहेच. आणि बाहेर बघण्याआधी चिंचोळी एमआयडीसीतल्या रसायन कंपन्यांनाही एकदा पाठवा. बालाजी अमाईन्ससारखी अमाईन बनवणारी कंपनी आपल्याच गावची आहे, हे इथल्या कित्येक एमएस्सीच्या मुलांना ठाऊक नसतं.