घोड्याच्या भ्रूणातील जनुकाभिव्यक्ती : या अभ्यासाकडे वळणाऱ्यांसाठी

शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात शिकताना माझा हात बसला तो गाई-म्हशींवर. घोड्यांशी गाठ पडायची ती महाबळेश्वर-पाचगणीला पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्यांपुरतीच. पुढे घोड्याच्या भ्रूणातील जनुकाभिव्यक्तीकडे, म्हणजे कोणते जनुक कधी आणि किती काम करते याच्या अभ्यासाकडे, वळलो, तेव्हा गाईवरून बांधलेले बरेच आडाखे सोडून द्यावे लागले. गाईच्या शरीराला भ्रूणाची वर्दी इंटरफेरॉन-टाऊ हे भ्रूणातून स्रवणारे प्रथिन देते; घोडीत हे काम कोणता रेणू करतो, हे अजून कोणालाच निश्चित सांगता आलेले नाही. तिथे भ्रूण सोळाव्या दिवसापर्यंत गर्भाशयभर फिरत राहतो आणि गाभणपण टिकण्यासाठी हे फिरणे आवश्यक असते.

नवख्याने संगणकाला हात लावण्याआधी घोडीचे दिवस मोजायला शिकावे, असे माझे ठाम मत आहे. शून्य दिवस म्हणजे अंडमोचनाचा (अंडाशयातून अंडपेशी सुटण्याचा) दिवस, रेतनाचा नव्हे. सोनोग्राफी दिवसातून एकदाच झाली असेल, तर भ्रूणाच्या वयात जवळजवळ चोवीस तासांचा फरक राहू शकतो. आणि सातव्या दिवशी अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असलेला भ्रूण दहाव्या दिवशी चार-पाच मिलिमीटरचा होत असल्याने हा फरक किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही. या वाढीत बाहेरच्या ट्रोफेक्टोडर्मचा (पुढे वार घडवणाऱ्या पेशीथराचा) वाटा झपाट्याने वाढतो. त्यामुळे अख्ख्या भ्रूणाचा आरएनए (चालू जनुकांवरून उतरलेल्या प्रती) एकत्र काढला, तर केवळ आतील पेशीपुंजात (ज्यातून पुढे शिंगरू घडते) व्यक्त होणारे जनुक ‘मंदावले’ असे आलेखात दिसते. प्रत्यक्षात एकाही पेशीने ते मंद केलेले नसते. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली भ्रूणाचा व्यास मोजून छायाचित्र घेतल्याशिवाय नमुना पुढे पाठवू नये. गर्भाशयात उतरल्यानंतर भ्रूणाभोवती ग्लायकोप्रोटीनचे चिवट, पारदर्शक कॅप्सूल तयार होते; ते वेगळे केले की नाही, हेही वहीत लिहावे.

त्याआधीच्या अवस्थांचा गुंता निराळा आहे. भ्रूणाचा स्वतःचा जीनोम (संपूर्ण जनुकसंच) मुख्यतः चार ते आठ पेशींच्या अवस्थेत कामाला लागतो. तोवर सापडणारा आरएनए बहुतांशी अंडपेशीत आधीच साठवलेला असतो. या मातृक आरएनएची पॉली-ए शेपटी (टोकाची ‘ए’ घटकांची साखळी) आखूड-लांब होत असते आणि ऑलिगो-डीटी (त्या शेपटीला चिकटणारा डीएनएचा छोटा तुकडा) वापरणाऱ्या पद्धतीत शेपटीतला हा बदलच जनुकाभिव्यक्तीतील चढउतार असल्याचा भास होतो. जीएपीडीएचसारखे संदर्भ-जनुकही (इतर जनुकांचे मोजमाप ज्याच्याशी ताडतात ते), सगळे वापरतात म्हणून, न तपासता घेऊ नये.

साताऱ्या-सांगलीकडे राहून घोडीचे भ्रूण मिळवणे अवघड असले, तरी सुरुवात त्यावाचून अडत नाही. ट्वायलाइट नावाच्या थरोब्रेड घोडीच्या डीएनएवरून 2009 मध्ये घोड्याचा जीनोम प्रसिद्ध झाला, त्याची सुधारित आवृत्ती इक्वकॅब 3.0 ही 2018 मध्ये आली, आणि भ्रूणांच्या आरएनए-क्रमांचे संच सार्वजनिक कोशांत विनामूल्य मिळतात. संच उतरवताना भ्रूण घोडीच्या गर्भाशयातून काढला होता की इक्सीने (अंडपेशीत शुक्राणू टोचून) प्रयोगशाळेत वाढवला होता, आणि वय अंडमोचनापासून मोजले होते का, या दोन नोंदी आधी शोधाव्यात. ज्या नमुन्यांना त्या नाहीत, ते इतर नमुन्यांशी तुलना करताना मी सरळ वगळतो.