मेंदूतील दाहावरील संशोधनाची बातमी कशी तपासावी

घरातल्या कोणाच्या अंगावरून वारे गेले, की आठवडाभरात कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेंदूतील दाह (इजेनंतर उसळणारी सूज, इंग्रजीत इन्फ्लमेशन) शमवणाऱ्या एखाद्या नव्या औषधाची बातमी येऊन पडते आणि केईएम किंवा शीवच्या ओपीडीत नातेवाईक मोबाइल डॉक्टरांपुढे धरतात. तिथे एका रुग्णाच्या वाट्याला मोजकीच मिनिटे येतात; म्हणून बातमीची पहिली छाननी घरीच करून जावी.

प्रथम प्रयोग कोणावर झाला ते शोधावे. बहुतेक वेळा तो उंदरांवर झालेला असतो. भूल दिलेल्या उंदराच्या मानेतील धमनीतून नायलॉनचा बारीक धागा वर सरकवून पक्षाघात घडवण्यासाठी मेंदूची मधली धमनी तासभर बंद ठेवतात, मग धागा काढून घेतात आणि दुसऱ्या दिवशी मेंदूचे साधारण दोन मिलिमीटर जाडीचे काप टीटीसी नावाच्या रसायनाच्या द्रावणात ठेवतात. जिवंत भाग लाल होतो, मेलेला पांढराफटक राहतो, आणि औषधाने तो पांढरा भाग किती कमी झाला यावर बातमी उभी राहते. हे उंदीर बहुधा तरुण आणि निरोगी असतात. वॉर्डातल्या रुग्णाला मात्र बऱ्याचदा बीपी आणि शुगर दोन्ही असतात. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पक्षाघातावरील 1,026 प्रायोगिक उपायांची मोजदाद होती, आणि त्यांतले बहुतेक माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोचलेच नव्हते.

त्यानंतर औषध केव्हा दिले ते पाहावे. माझ्या मते हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बातम्यांत नेमका तोच गाळलेला असतो. पिओ देल रिओ ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने 1919 मध्ये वर्णन केलेल्या मायक्रोग्लिया या मेंदूतील संरक्षक पेशी रक्तपुरवठा तुटताच खवळतात आणि सुरुवातीला नुकसान वाढवू शकतात. पण मृत पेशींचा निचरा करणे आणि पुढच्या दिवसांत डागडुजीला हातभार लावणे हेही त्यांचेच काम असते. त्यामुळे दाह सरसकट दाबून टाकणे हिताचे ठरतेच असे नाही. एनलिमोमॅब हे दाह रोखणारे औषध प्राण्यांमध्ये उपयोगी दिसले होते. पक्षाघाताच्या 625 रुग्णांवरील चाचणीत, जिचे निष्कर्ष 2001 मध्ये प्रसिद्ध झाले, औषध घेतलेल्यांची अवस्था उलट अधिक वाईट झाली. ते उंदरापासून मिळवलेले प्रतिपिंड (अँटीबॉडी) होते आणि त्यानेच रुग्णांच्या शरीरात दाह चेतवला असावा, असा अंदाज पुढे मांडला गेला.

वेळेचाच विषय निघाला आहे म्हणून सांगतो: तोंड वाकडे होणे, हात खाली पडणे किंवा बोबडी वळणे यांपैकी काही दिसले तर संशोधन बाजूला ठेवून 108 ला फोन करावा, रुग्ण शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला ते कागदावर लिहावे आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

मोजले काय, हेही विचारावे. दाह भडकवणाऱ्या इंटरल्यूकिन-1 या प्रथिनाला रोखणाऱ्या औषधाच्या, पक्षाघाताच्या रुग्णांवरील 2018 मधील एका ब्रिटिश चाचणीत रक्तातील दाहाच्या खुणा उतरल्या, पण तीन महिन्यांनंतर रुग्ण अधिक चांगले हिंडूफिरू लागल्याचे दिसले नाही.

अल्झायमरच्या बातम्यांनाही हीच चाळणी लावावी. 2013 मध्ये मायक्रोग्लियाशी निगडित ट्रेम-2 या जनुकातील बदलांचा त्या आजाराच्या जोखमीशी संबंध दिसून आला, म्हणजे दाहाचा धागा खरा आहे. तरीही नेप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब या दाहही कमी करणाऱ्या वेदनाशामकांनी हा आजार टाळता येतो का हे पाहणारी मोठी चाचणी 2004 मध्ये हृदयविकाराच्या धोक्याच्या शंकेमुळे थांबवावी लागली, आणि संरक्षण मिळाल्याचेही आढळले नाही. तेव्हा विसरभोळेपणावर उपाय म्हणून अशा गोळ्या मनानेच सुरू करू नयेत. (हळदीचे दूध खुशाल प्यावे, मात्र त्यातले, दाह शमवते असे सांगितले जाणारे कर्क्युमिन आतड्यातून फारच कमी शोषले जाते.)

भारतात अशी चाचणी खरोखर सुरू असल्यास तिची नोंद सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत सापडायला हवी. 2009 पासून ही नोंद सक्तीची आहे आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. सहभागी होण्याचे कोणी सुचवल्यास संमतीपत्र मराठीत मागावे, त्याची प्रत घरी आणावी, आणि सही करण्यापूर्वी इजा झाल्यास उपचाराचा खर्च कोण करणार हा मजकूर त्यात बोट ठेवून वाचावा.