मोटरहोममागे गाडी ओढताना ब्रेक: निघण्याआधीची तयारी

मोटरहोमच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीच्या, मागे मोटारगाडी जोडल्यावर सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे ती गाडी चालवणाऱ्याला जाणवतच नाही. आठ टनांच्या धुडामागे दीड टन आलं तरी स्टिअरिंग तसंच लागतं, पिकअपही जवळपास तसाच. मागे टायर बसला, ब्रेक लागलाच नाही, किंवा लागला तो सुटलाच नाही, यातलं काहीही पुढच्या सीटपर्यंत पोचत नाही. म्हणून माझी सगळी तयारी एकाच प्रश्नाभोवती असते: मागच्या गाडीचा ब्रेक आत्ता काय करतोय, हे मला कशावरून कळणार?

सुरुवात वजनांपासून करा, आणि तीही निघायच्या सकाळी नाही, निदान पंधरा दिवस आधी. मोटरहोमवरच्या वजनांच्या पट्टीवर किंवा पुस्तकात दोन आकडे सापडतील. एक भरलेल्या मोटरहोमचं कमाल वजन, दुसरा मोटरहोम आणि मागचं ओझं मिळून कमाल वजन. दोन्हींची वजाबाकी केली की ओढायची परवानगी मिळाली असं समजून बरेच जण मोकळे होतात. पण तो हिशोब इंजिन, गिअरबॉक्स आणि चासीचा झाला. ब्रेक बहुतेक वेळा मोटरहोमच्या स्वतःच्या वजनापुरतेच बेतलेले असतात, आणि पुस्तकात पुढे कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की अमुक वजनाच्या वर मागच्या वाहनाला स्वतंत्र ब्रेक हवा. ही मर्यादा अनेकदा 1000 ते 1500 पौंडांच्या, म्हणजे साधारण 450 ते 680 किलोंच्या आसपास असते. त्यात बसेल अशी मोटारगाडी शोधूनही मिळणं कठीण. हिच (मोटरहोमच्या मागची जोडणीची कडी) आणि टो बार (दोन्ही वाहनांना जोडणारा दांडा) यांच्यावरचे आकडेही बघा. सगळ्यांत लहान आकडा कुठला, तोच तुमचा. आणि वजन अंदाजाने धरू नका. पाण्याची टाकी, इंधन, सामान, माणसं सगळं भरून एकदा वजनकाट्यावर जा.

ब्रेक नसला तर काय होतं, याचा हिशोब एकदा स्वतः मांडून बघा. मोटरहोम 8 टन, गाडी 1.6 टन. ब्रेकची ताकद तेवढीच, वजन मात्र 20 टक्क्यांनी वाढलं, तर थांबायला लागणारं अंतरही साधारण तेवढंच वाढतं. ताशी 90 च्या वेगाने एकटं मोटरहोम 60 मीटरमध्ये थांबत असेल, तर आता 72 मीटर. वरचे 12 मीटर म्हणजे एकामागे एक उभ्या तीन छोट्या गाड्या. उतारावर तर हिशोबच पालटतो. 6 टक्के उतार पाच किलोमीटर चालला की आपण 300 मीटर खाली येतो. त्या उतरण्यात एकट्या मागच्या गाडीची जी ऊर्जा जिरवावी लागते, ती तिला ताशी 90 वरून थांबवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या नऊपटीहून जास्त भरते. तिला स्वतःचा ब्रेक नसेल तर ती सगळी उष्णता मोटरहोमच्या ब्रेकमध्ये जाते.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेत राज्यागणिक आणि कॅनडात प्रांतागणिक मर्यादा बदलते. ब्रिटनमध्ये ओढली जाणारी गाडी ट्रेलर धरली जाते, आणि 750 किलोंच्या वर ब्रेक सक्तीचा आहे. वाटेत जिथून जिथून जाणार, त्यातला सगळ्यात कडक नियम पाळला की हद्दीवर थांबून विचार करावा लागत नाही.

यानंतर मागच्या गाडीचं पुस्तक उघडा. चारही चाकं जमिनीवर ठेवून ती ओढता येते का, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑईल फिरवणारा पंप इंजिन चालू असतानाच चालतो. अशी गाडी तशीच ओढली तर गिअरबॉक्स आतून जळतो. ज्या गाडीला परवानगी आहे तिचीही पद्धत ठरलेली असते: चावी कुठे ठेवायची, स्टिअरिंगचं लॉक कसं सुटलेलं ठेवायचं, कुठला फ्यूज काढायचा, किती वेळाने थांबून इंजिन चालू करायचं. ते पान कागदावर उतरवून मोटरहोममध्ये लावून ठेवा. डॉलीवर (फक्त पुढची दोन चाकं उचलणारा छोटा गाडा) किंवा ट्रेलरवर गाडी चढवणार असाल तर हा प्रश्न बराचसा सुटतो, पण मग त्या डॉलीचा किंवा ट्रेलरचा ब्रेक तपासायचा.

आता खुद्द ब्रेकयंत्रणा. इथे घाई करू नका. एक प्रकार पेटीचा: ती चालकाच्या पायाशी ठेवायची, तिचा हात ब्रेक पेडलला अडकवायचा, आणि वेग कमी होतोय हे आतल्या सेन्सरला कळलं की ती पेडल दाबते. दुसरा गाडीत कायमचा बसवलेला. तिसरा, एअर ब्रेक असलेल्या मोटरहोमची हवा पुढून मागे नेऊन, पुढे जेवढा ब्रेक तेवढाच मागे लावणारा. तुमचा कुठलाही असो, त्याच्या आधी मागच्या गाडीचा बूस्टर, म्हणजे ब्रेक पेडल दाबायला मदत करणारा भाग, समजून घ्या. इंजिन बंद असलं की साध्या बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. त्यामुळे पेटीची ताकद कडक पेडलवर जुळवायची असते. जुळवण्याआधी इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा पूर्ण दाबा, ते कडक झालं की मगच पेटी लावा. हे विसरलं आणि बूस्टरमध्ये व्हॅक्यूम शिल्लक राहिला, तर पहिल्याच ब्रेकला मागच्या गाडीची चाकं जाम होऊन टायर घासत जातील. काही हायब्रिड आणि नव्या गाड्यांत पेडलला मिळणारी मदत विजेवर चालते आणि इंजिन बंद असतानाही ती जागी असते. त्यांच्यासाठी पेटीत वेगळी, हलकी सेटिंग लागते. ती सेटिंग तुमच्या पेटीत नसेल तर ती पेटी त्या गाडीला लावू नका.

पेटी बसवताना पायाखालचं मॅट काढा आणि सीट पुढे ओढून पेटीला पाठीमागून पक्का टेका द्या. टेका नसेल तर पेडल दाबण्याऐवजी पेटीच मागे सरकते. मोटरहोममध्ये समोर दिसेल असा दिवा किंवा छोटा मॉनिटर हवाच. मागे ब्रेक कधी लागला आणि कधी सुटला हे सांगणारं तेवढंच एक साधन आहे. त्याच्या जोडीला मागच्या गाडीच्या चारही टायरना हवेच्या दाबाचे सेन्सर लावा. बसलेला टायर वाटेत पेट घेईपर्यंत चालवणाऱ्याला कळत नाही, असं घडतं.

ब्रेकअवे स्विचला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. जोडणी तुटली आणि मागची गाडी सुटली, तर तारेने पिन ओढली जाते आणि गाडीचा ब्रेक आपोआप लागतो. पण ती तार टो बारला किंवा निघणाऱ्या हिचला बांधली असेल आणि नेमका तोच भाग निखळला, तर तारही त्याच्याबरोबर जाते आणि पिन जागची हलत नाही. तार मोटरहोमच्या चासीलाच बांधा. सगळ्यात अरुंद वळणावर ताण येणार नाही एवढी ढिली, पण रस्त्याला घासणार नाही एवढी आखूड. मग स्वतः पिन ओढून बघा. पेडल खाली गेलं का, ढकलूनही गाडी जागची हलत नाही ना, पिन परत बसवल्यावर पेडल पूर्ण वर आलं का. तिन्ही गोष्टी डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी निघत नाही.

टो बार जमिनीला समांतर हवा. दोन टोकांच्या उंचीत 3 इंचांपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर जोरात ब्रेक दाबल्यावर मागची गाडी वर चढू बघते किंवा खाली दबते. उंची कमी-जास्त करणारा हिच मिळतो, तो घ्या. सुरक्षेच्या साखळ्या किंवा केबल टो बारच्या खालून फुलीसारख्या एकमेकींवरून न्या. ब्रेक लाइट आणि इंडिकेटर बाहेर दुसरं माणूस उभं करून तपासा. मागच्या गाडीची बॅटरी हा एक वेगळाच घोर असतो: पेटी, स्टिअरिंगचं लॉक सुटलेलं राहावं म्हणून फिरवून ठेवलेली चावी आणि दिवे मिळून ती दिवसभरात उतरवतात, आणि बॅटरी उतरली की ब्रेकही गेला. पुढून चार्जिंगची तार ओढून घेतली तर तो विषय मिटतो.

ब्रेक ऑईल लोक विसरतात. मोटरहोम महिनोन्महिने उभं असतं, आणि ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषत राहतं. डॉट 4 या प्रकारचं ऑईल नवं असताना निदान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा मापदंड आहे. ओल शोषलेल्या ऑईलसाठी तोच 155 अंशांवर येतो. लांब उतारावर ऑईल उकळलं की पाइपात वाफ होते आणि पेडल जमिनीला टेकतं. दोन्ही वाहनांचं ऑईल शेवटचं कधी बदललं हे आठवत नसेल तर बदलून घ्या. टायर कधी बनला हे सांगणारे त्याच्या बाजूवरचे चार आकडेही वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत असूनही टायर म्हातारा झालेला असू शकतो.

निघायच्या सकाळी जोडणी झाली की सरळ हायवेला लागू नका. हळूहळू पुढे जात स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे वळवा, म्हणजे टो बारचे दोन्ही हात लांब होऊन लॉक होतील. उतरून बघा. हँडब्रेक सुटला आहे ना, गिअर न्यूट्रलला आहे ना, चारही चाकं फिरतायत ना. मग रिकाम्या जागेत ताशी 30-40 वर नेऊन ठाम ब्रेक दाबा. मागून धक्का आला तर पेटीची ताकद वाढवा, मागे खेचल्यासारखं वाटलं तर कमी करा. नंतर अगदी हलका ब्रेक दाबा. मॉनिटरचा दिवा लागला तर संवेदनशीलता जास्त आहे. डिझेल मोटरहोमला एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनातून बाहेर पडणारा धूर अडवून वेग उतरवणारा) असेल तर हे नीट बघा, कारण तो चालू झाला की वेग उतरतो, पेटीला वाटतं ब्रेक दाबलाय, आणि घाट उतरेपर्यंत ती मागचं पेडल धरून बसते. पुढच्या ब्रेक लाइटचा सिग्नल घेऊनच काम करणारी यंत्रणा यासाठी जास्त भरवशाची.

उताराला लागण्याआधीच गिअर खाली घ्या, मध्यावर नाही. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. ठरवलेल्या वेगापेक्षा ताशी सात-आठ किलोमीटर खाली येईपर्यंत ठाम दाबा आणि पूर्ण सोडा. वेग पुन्हा चढला की पुन्हा तसंच. मधल्या वेळात ब्रेकला वारा लागतो, आणि मॉनिटरचा दिवा विझतोय ना हेही दिसतं. तुम्ही पाय काढूनही तो विझत नसेल तर पहिल्या सुरक्षित जागी थांबा.

पहिला थांबा अर्ध्या-पाऊण तासातच घ्या. लांबून तापमान दाखवणारं थर्मामीटर मागच्या चारही चाकांवर धरा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलं असेल किंवा करपल्याचा वास येत असेल, तर ब्रेक धरून राहिलाय. थंड होऊ द्या, कारण सापडेपर्यंत पुढे नेऊ नका. आणि वळायला जागा नसलेल्या ठिकाणी घुसूच नका, कारण चार चाकांवर ओढलेली गाडी जोडलेली असताना रिव्हर्स घेतलं तर टो बार वाकतो.

मुक्कामाला पोचल्यावर सोडवताना सपाट जागा निवडा आणि आधी मागच्या गाडीचा हँडब्रेक लावा, पिना नंतर काढा. मग पेटी काढा, फ्यूज जागेवर बसवा, सीट मागे घ्या, मॅट अंथरा. इंजिन चालू करून जागेवरच पेडल दोनदा दाबा, मगच गिअर टाका.