एका सांध्याची फिल्म: सुतारकाम शूट करताना

सुतारकामाच्या फिल्मा माणूस रात्री उशिरापर्यंत बघत बसतो, कारण सुरू झालेला हात शेवटपर्यंत जाताना दिसतो आणि रंध्याचा आवाज कानाला बरा वाटतो. म्हणून संगीत टाकू नका आणि चाललेला रंधा मध्येच कापू नका. विषय छोटा घ्या. सागवानी स्टुलाचा पाय आणि आडवी पट्टी यांचा एक सांधा पुरतो. त्याच मापाचे दोन तुकडे जास्तीचे आणा, कारण चुकलेलं भोक पुन्हा बुजत नाही.

उजेड खिडकीतून, आडवा हवा, म्हणजे पटाशीचा प्रत्येक छाट उठून दिसतो. समोरून ट्यूबलाइट पडली की लाकूड पुठ्ठ्यासारखं सपाट दिसतं. शिवाय आपली वीज 50 हर्ट्‌झची, त्यामुळे शटर 1/50 किंवा 1/100 वरच ठेवा. 1/60 ला चित्रात पट्टे सरकतात. फोकस लॉक करा, नाहीतर उडणाऱ्या सालपटामागे फोन धावतो.

खरी मेहनत आवाजावर. माइक पात्यापासून 30-40 सेंमीवर, पण टेबलावर नको. ठोक्यांचा धक्का लाकडातून थेट माइकमध्ये शिरतो. रेकॉर्डिंगची पातळी हातोड्याच्या ठोक्यावर ठरवा, सर्वांत मोठा ठोका मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास. पातळी ऑटो ठेवलीत तर ठोक्यानंतर आवाज दबतो आणि मग खोलीची घरघर वर येते. पंखा बंद. शेवटी रिकाम्या खोलीचा 30 सेकंदांचा आवाज घेऊन ठेवा, जोडकामात लागतो.

आता काम. पट्टी 18 मिमी जाड असेल तर कुसू, म्हणजे पायाच्या भोकात बसणारं पट्टीचं पातळ केलेलं टोक, तिसरा हिस्सा, म्हणजे 6 मिमी, पटाशीही तेवढीच. भोक पाडताना दोन्ही टोकांना 2-3 मिमी लाकूड शेवटपर्यंत राखतात, कारण ढलपी उचकटताना पटाशी काठावर रेलते आणि काठ दबतो. हे प्रेक्षकाला सांगू नका, जवळून दाखवा. करवत आखलेल्या रेघेच्या टाकाऊ बाजूला चालते. रेघच खाल्ली की कुसू सैल. हा काप सबंध ठेवा, 40 सेकंद लागले तरी. रंधा लाकडाच्या रेषांच्या उलट गेला तर सळसळ जाऊन खरखर येते आणि लाकूड उचकटतं. तो तुकडा वगळू नका, पट्टी फिरवून पुन्हा रंधा मारलेलाही घ्या.

जोडणी अर्धी हाताने, उरलेली हलक्या ठोक्यांनी. जोर लावावा लागला तर थांबा, पाय चिरेल. कुसू पुरता बसला की पोकळ ‘टक’ भरीव होतो. त्यानंतर 3 सेकंद कॅमेरा हलवू नका.