ओव्हनच्या घड्याळावरून युरोपची वीज कशी वाचायची

जर्मनीत, फ्रान्समध्ये किंवा पोलंडमध्ये राहत असाल, तर पोर्तुगालपासून तुर्कस्तानपर्यंत पसरलेल्या एका ग्रिडचं, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या वीजवाहिन्यांच्या जाळ्याचं, मीटर तुमच्या स्वयंपाकघरात आधीच बसवलेलं आहे. ओव्हनचं घड्याळ! वही, पेन आणि चिकाटी एवढंच लागतं. मी पूर्वी कळव्याच्या लोड डिस्पॅच सेंटरमध्ये, म्हणजे ग्रिडच्या नियंत्रण कक्षात, शिफ्ट केल्या, आता जर्मनीत कोलोनजवळ राहते, पण फ्रिक्वेन्सीवर (विजेच्या सेकंदाला होणाऱ्या लहरींवर) नजर ठेवायची खोड काही जात नाही.

आधी घड्याळ पारखून घ्या. ओव्हन, मायक्रोवेव्ह किंवा प्लगवर चालणारं जुनं गजराचं रेडिओ-घड्याळ. यांतली बरीच घड्याळं विजेच्या लहरी मोजतात : पन्नास लहरी झाल्या की एक सेकंद. सेलवरचं भिंतीचं घड्याळ इथे कामाचं नाही. हल्ली काही ओव्हनच्या आतही क्वार्ट्झ (स्वतःच वेळ मोजणारा स्फटिक) असतो. तो ओळखायचा असा, की क्वार्ट्झ एकाच दिशेला, एकाच चालीने चुकत जातो. लहरींवरचं घड्याळ मात्र कधी पुढे जातं, कधी मागे येतं.

ओव्हनवर सेकंद दिसत नाहीत. म्हणून मिनिटाचा आकडा बदलतो तो क्षण पकडायचा आणि त्याच क्षणी मोबाइलवरचे सेकंद बघायचे. फरक अधिक-उणे चिन्हासकट लिहायचा. दिवसातून एकदा पुरे. सुरुवातीला मार्चचा किंवा ऑक्टोबरचा शेवटचा रविवार सोयीचा, कारण त्या दिवशी घड्याळं बदलावी लागतातच. मध्ये वीज जाऊन आकडे लुकलुकायला लागले, तर नवं पान उघडा.

आता वाचन. घड्याळ मागे पडलं म्हणजे फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या (सेकंदाला पन्नास लहरींच्या) खाली राहिली : ग्रिडमध्ये जितकी वीज ओतली गेली त्यापेक्षा जास्त ओढली गेली. पुढे गेलं तर उलट. फरक वीस सेकंदांच्या पलीकडे गेला, की स्विसग्रिड ही स्विस कंपनी सगळ्या देशांना कळवते, आणि दिवसभरासाठी ५०ऐवजी ५०.०१ किंवा ४९.९९ हर्ट्झ धरून चालायचं ठरतं. ०.०१ हर्ट्झ म्हणजे दिवसाला सतरा सेकंद. वहीत सतराच्या आसपासची उडी दिसली, तर समजा दुरुस्ती चालू आहे. (कळव्यातल्या आमच्या जुन्या दिवसांत ४८.५ हर्ट्झ ही काही बातमी नसायची. असं घड्याळ तिथे तासाभरात दीड-दोन मिनिटं मागे गेलं असतं.)

२०१८च्या जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत पंचवीस देशांतली अशी घड्याळं जवळजवळ सहा मिनिटं मागे पडली. सरासरी फ्रिक्वेन्सी होती ४९.९९६ हर्ट्झ. तूट एवढीशी, पण पन्नासेक दिवस साचली. मूळ होतं कोसोव्हो आणि सर्बियाच्या भांडणात : एका बाजूने हक्काच्या विजेपेक्षा जास्त ओढली, ती भरून कोणी द्यायची यावर एकमत नाही. एकूण तूट ११३ गिगावॅट-तास. सोसायटीत एका घराने मेंटेनन्स थकवला म्हणून सगळ्यांची लिफ्ट हळू चालावी, तसा प्रकार. ५०.०१ हर्ट्झ धरून सहा मिनिटं भरून काढायला तीन आठवडे लागतात. स्वतः भागाकार करून बघा.

हे जमायला लागलं, की इतिहासही याच अंगाने वाचता येतो : कुठल्या साली कोणाकोणाची घड्याळं एका चालीत होती? कोलोनजवळच्या ब्राउवायलरहून १९२०च्या दशकाच्या शेवटी एक २२० केव्हीची (किलोव्होल्टची) लाइन दक्षिणेला निघाली. राइनकाठचा कोळसा आणि ऑस्ट्रियातल्या व्होरार्लबर्गचं पाणी तिने जोडलं. १९५१मध्ये आठ देशांनी विजेच्या समन्वयासाठी यूसीपीटीई ही संघटना काढली. १९५८मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लाउफेनबुर्ग सबस्टेशनमध्ये जर्मनी, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या लाइन एकत्र आल्या. पूर्वेकडच्या देशांची मीर ग्रिड वेगळी, तिचं नियंत्रण केंद्र १९६२पासून प्रागमध्ये. म्हणजे प्राग आणि म्युनिकची ओव्हन-घड्याळं १९९५पर्यंत एकमेकांना ओळखत नव्हती. युक्रेनने रशियाची ग्रिड सोडली ती २४ फेब्रुवारी २०२२ला, तीही चाचणीपुरती. त्याच पहाटे हल्ला झाला. परत जाण्याचा प्रश्नच उरला नाही, आणि १६ मार्चला युक्रेन आणि मोल्दोव्हा युरोपच्या चालीत आले. बाल्टिक देशांची फ्रिक्वेन्सी तर ८ फेब्रुवारी २०२५पर्यंत मॉस्कोहून सांभाळली जायची. दुसऱ्या दिवशी ते पोलंडमार्गे इकडे जोडले गेले.

एकत्र असलेली चाल मध्येच तुटतेही. ४ नोव्हेंबर २००६च्या रात्री जर्मनीत एम्स नदीतून एक नवं प्रवासी जहाज समुद्राकडे न्यायचं होतं, म्हणून नदीवरची ३८० केव्हीची लाइन बंद केली. बाकीच्यांवर लोड चढला, एकामागून एक लाइन ट्रिप झाल्या (आपोआप बंद पडल्या) आणि ग्रिडचे तीन तुकडे झाले. पश्चिमेत फ्रिक्वेन्सी ४९ हर्ट्झपर्यंत पडली आणि सुमारे दीड कोटी घरांची वीज आपोआप तोडली गेली. तुकडे जोडायला पाऊण तासही लागला नाही, पण तेवढ्यात पॅरिसचं घड्याळ मागे पडलं आणि वॉर्सॉचं पुढे पळालं.

पडताळणीसाठी दुसऱ्या देशात कोणी ओळखीचं असेल तर उत्तम. एकाच दिवशी घड्याळं लावा आणि आठवड्याने फरक ताडून पाहा. लिस्बन, इस्तंबूल, कोलोन : दोन-तीन सेकंद इकडेतिकडे, तेही मिनिट पकडण्यातल्या घाईमुळे. लंडन आणि डब्लिनवाल्यांना यात घेऊ नका, त्यांच्या ग्रिड वेगळ्या आहेत. डेन्मार्कमध्ये मात्र शहर विचारून घ्या. आर्हुस आपल्यात, कोपनहेगन नॉर्डिक ग्रिडमध्ये.