युनिक्स सर्व्हर कंटेनरमध्ये हलवताना नेटवर्कची पूर्वतयारी

जुना युनिक्स सर्व्हर कंटेनरमध्ये (होस्ट यंत्राच्याच कर्नलवर, पण इतरांपासून वेगळ्या ठेवलेल्या प्रोसेसच्या चौकटीत) हलवायचे ठरले की चर्चा लगेच इमेज, म्हणजे कंटेनर ज्यावरून तयार होतो तो फायलींचा साचा, कशी बांधायची यावर जाते. माझा आग्रह असा की इमेजला हात लावण्यापूर्वी नेटवर्कचा विचार पूर्ण करावा. वर्षानुवर्षे एकाच यंत्रावर चाललेल्या व्यवस्थेत आयपी पत्ता हीच सर्व्हरची ओळख होऊन बसलेली असते. डेटाबेसच्या परवानगी-यादीत, एनएफएसच्या एक्स्पोर्ट्समध्ये (नेटवर्कवरून वाटल्या जाणाऱ्या फोल्डरांच्या यादीत), फायरवॉलच्या नियमांत आणि कोणाच्या तरी बॅकअप स्क्रिप्टमध्ये तोच पत्ता लिहिलेला असतो. कंटेनरचा पत्ता मात्र तो पुन्हा तयार होताच बदलू शकतो.

त्यामुळे पहिले काम नोंदीचे. कोणती प्रोसेस कोणत्या पोर्टवर (जोडण्या स्वीकारण्याच्या क्रमांकित दारावर) ऐकते, हे लिनक्सवर एसएस, फ्रीबीएसडीवर सॉकस्टॅट आणि सोलारिसवर नेटस्टॅट व पीफाइल्स या कमांडने पाहावे. ऐकणारे पोर्ट एका बैठकीत नोंदवून होतात, पण बाहेर जाणाऱ्या जोडण्यांचे तसे नसते. महिनाअखेरीला चालणारा क्रॉन जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारे काम) कोणत्या सर्व्हरशी बोलतो हे महिनाअखेरीलाच दिसते. म्हणून ही नोंद किमान एक पूर्ण मासिक चक्र चालू ठेवावी आणि त्याच काळात कॉन्फिगरेशन फायली व स्क्रिप्ट ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडने धुंडाळून त्यांत थेट लिहिलेले आयपी पत्ते शोधून काढावेत. शक्य तेथे त्यांच्या जागी डीएनएस नावे (आयपी पत्त्याकडे नेणारी नावे) घालावीत, आणि हा बदल जुन्या सर्व्हरवरच करून तपासावा, म्हणजे पुढे बिघाड झाला तर तो नाव बदलल्यामुळे झाला की स्थलांतरामुळे, असा संभ्रम राहत नाही.

लूपबॅक पत्त्याकडे, म्हणजे यंत्र स्वतःशीच बोलण्यासाठी वापरते त्या पत्त्याकडे, विशेष लक्ष द्यावे. एकाच यंत्रावर वेब सर्व्हर आणि डेटाबेस १२७.०.०.१ वर एकमेकांशी बोलत असतात. लिनक्समध्ये प्रत्येक नेटवर्क नेमस्पेसला (कंटेनरला मिळणाऱ्या स्वतंत्र नेटवर्क-कप्प्याला) स्वतःचा लूपबॅक असल्याने दोघे वेगळ्या कंटेनरमध्ये गेले की ही वाट बंद होते. फ्रीबीएसडीच्या साध्या जेलमध्ये (तिथल्या कंटेनरसारख्या सोयीत) याच्या उलट धोका असतो. जेलला स्वतःचा लूपबॅक पत्ता दिलेला नसेल, तर १२७.०.०.१ वर ऐकण्याची विनंती जेलच्या पहिल्या आयपी पत्त्याकडे वळवली जाते, आणि केवळ आतल्या वापरासाठी म्हणून ठेवलेली सेवा बाहेरून दिसू लागते. जेलची सोय २००० साली आलेल्या ४.० आवृत्तीपासून आहे. प्रत्येक जेलला स्वतंत्र नेटवर्क स्टॅक देणारी व्हीनेट ही सोय १२.० पासून जेनेरिक, म्हणजे मूळ वितरणासोबत येणाऱ्या, कर्नलमध्येच समाविष्ट आहे, त्यामुळे नव्याने मांडणी करताना मी व्हीनेटच निवडेन.

लिनक्सवर डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनाची नेहमीची मांडणी म्हणजे व्हेथ जोडी (कंटेनर आणि होस्ट यांना जोडणारी आभासी तार), ब्रिज (अशा तारा एकत्र जोडणारा आभासी स्विच) आणि नॅट (पॅकेटवरचा पत्ता बदलण्याची सोय). त्याचा मूळ ब्रिज सहसा १७२.१७.०.०/१६ ही श्रेणी घेतो. हीच श्रेणी संस्थेच्या नेटवर्कमध्ये आधीपासून वापरात असेल, तर तिकडच्या यंत्रांकडे जाणारी पॅकेट होस्टमधून बाहेरच पडत नाहीत. श्रेणी डॉकरच्या डीमनच्या (पार्श्वभूमीत चालणाऱ्या मुख्य प्रोग्रामच्या) कॉन्फिगरेशनमध्ये आधीच बदलून घ्यावी. नॅटमुळे कंटेनरमधून बाहेर जाणाऱ्या जोडण्यांवर होस्टचा पत्ता लागतो, म्हणून परवानगी-याद्यांमध्ये होस्टचा पत्ता नोंदवावा लागतो. मात्र असे केल्यास त्या होस्टवरील सर्वच कंटेनरना ती परवानगी मिळते, हे सुरक्षा पाहणाऱ्यांना आधी स्पष्ट सांगावे. सेवेला स्वतःचा पत्ता हवाच असेल तर मॅकव्हीलॅन वापरता येतो, म्हणजे कंटेनर बाहेरच्या नेटवर्कवर वेगळ्या यंत्रासारखा दिसतो. त्यात होस्ट आणि त्याच्यावरील कंटेनर एकमेकांशी थेट बोलू शकत नाहीत, त्यामुळे होस्टवरून चालणारी देखरेख तेवढी वेगळी मांडावी लागते.

फायरवॉलच्या बाबतीत जुनी सवय घातक ठरते. लिनक्सच्या आयपीटेबल्स या फायरवॉलच्या इनपुट साखळीत (खुद्द होस्टसाठी आलेल्या पॅकेटच्या नियमांत) पोर्ट बंद केला म्हणजे तो बंद झाला, असे युनिक्सवर काम केलेला माणूस धरून चालतो. डॉकरने प्रसिद्ध केलेल्या (होस्टवर बाहेरून खुल्या केलेल्या) पोर्टवर आलेल्या पॅकेटचा गंतव्य पत्ता आधीच बदलला जातो आणि ते फॉरवर्ड साखळीतून (पुढे पाठवायच्या पॅकेटच्या नियमांतून) जाते. इनपुटमधील नियम त्याच्या वाटेत येतच नाही. आयपीटेबल्स वापरणाऱ्या मांडणीत असे निर्बंध डॉकर-यूझर साखळीत घालावेत. तेथे पॅकेट पोहोचते तेव्हा त्यावर कंटेनरचा आतला पोर्ट असतो, म्हणजे ८०८० हा पोर्ट आतल्या ८० ला जोडला असेल तर नियम ८० साठी लिहावा लागतो. नियम लिहिल्यावर दुसऱ्या यंत्रावरून पोर्ट तपासावा. होस्टवरून केलेली तपासणी येथे पुरेशी नाही.

अनेक होस्टवर पसरलेले ओव्हरले नेटवर्क (खऱ्या नेटवर्कवर रचलेले आभासी नेटवर्क) असेल तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. आयपीव्ही४ वर व्हीएक्सलॅनच्या, म्हणजे ओव्हरलेची पॅकेट गुंडाळून नेणाऱ्या पद्धतीच्या, आवरणासाठी ५० बाइट लागतात, म्हणून खालचे नेटवर्क १५०० चे असेल तर आतला एमटीयू १४५० ठेवावा लागतो. तो चुकला तर साधे पिंग चालते, एसएसएचची जोडणीही होते, पण मोठी फाइल पाठवताच प्रवाह अडकतो, आणि दोष नेटवर्कचा असूनही संशय अॅप्लिकेशनवर जातो. पिंगमध्ये पॅकेटचे तुकडे करण्यास मनाई करून १४२२ बाइटचा मजकूर पाठवावा. आयपी व आयसीएमपी हेडरचे २८ बाइट धरून तो बरोबर १४५० होतो. हे पॅकेट दोन वेगळ्या होस्टवरील कंटेनरांमध्ये दोन्ही दिशांनी पोहोचले पाहिजे.

प्रत्यक्ष बदलाच्या आधी डीएनएस नोंदींचा टीटीएल (नोंद कॅशमध्ये ठेवण्याची मुदत) कमी करावा, आणि तो जुन्या टीटीएलइतका वेळ आधी कमी करावा, कारण कॅशमधील नोंदी तोवर जुन्याच मुदतीने टिकतात. बदलानंतर जुना सर्व्हर त्याच पत्त्यावर सेवा थांबवून चालू ठेवावा आणि त्यावर टीसीपीडंप हे येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारे साधन लावावे. जे क्लायंट अजून त्या पत्त्यावर येतात त्यांचा माग काढून एकेकाला नव्या नावाकडे वळवावे. नोंदीतील मासिक चक्र पुन्हा एकदा पूर्ण होऊन एकही नवा क्लायंट दिसला नाही, की मगच तो पत्ता मोकळा करावा.